ज्यांना द्यायचं नव्हतं ते दहा

३ जून २०२४, सोमवार

शेवटची बाग आज तोलून झाली. असोद्याच्या तीस बागा, प्रत्येकीतले पंचवीस घड. काट्यावर घड चढवायला दोन मजूर, आकडा वाचायला रूपा आणि लिहून घ्यायला मी. पारा पंचेचाळीसला टेकलेला. निवृत्त माणसाने या दिवसांत केळीच्या बागेत उभं राहण्याची हौस करू नये, असं नर्मदाने बजावलं होतं. बायकोचं ऐकायचं वय उलटून गेलं आहे असं मी तिला म्हणालो आणि आता डोकं दुखतं आहे.

हे सगळं कशासाठी, ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे आठवणीवर विसंबायला नको. मी पस्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. रूपा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, चाळीसगावची, वय एकोणतीस. केळीच्या मुळाशी राहणारे काही जीवाणू वेगळे काढून तिने त्यांचं द्रावण तयार केलं आहे. ते दिलं की मूळ जोर धरतं आणि घड भरतो, असं तिचं म्हणणं. कोणाच्या म्हणण्याला माझ्या लेखी अर्थ नसतो, आणि तो नसतो म्हणूनच तिने मला बोलावलं. इथल्या एका ट्रस्टने तिला जळगावात दोन खोल्यांची प्रयोगशाळा ठरावीक मुदतीसाठी काढून दिली आहे. फरक सिद्ध झाला तर प्रयोगशाळा कायम राहील, नाही झाला तर बंद. बंद झाली तर ती पुण्याला एका औषध कंपनीत पाण्याचे नमुने तपासायला जाणार. तिला जायचं नाही. ती तसं बोलत नाही, पण पुण्याचा विषय निघाला की काचेची भांडी उगाच दुसऱ्यांदा धुवायला घेते.

गेल्या वर्षी लागवडीच्या वेळी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पंधरा बागांना द्रावण, पंधरांना नाही. ज्यांना द्यायचं, त्या पंधरा घरच्या बायकांना रूपाने त्यांच्यातल्याच शेवंताबाईंच्या ओट्यावर बसवून समजावलं: "हे औषध नाहीये. हे जिवंत आहे. दह्याचं विरजण जसं सांभाळता ना, तसं हे सांभाळायचं. ड्रममध्ये गूळ, बेसन, पाणी. वर फडकं. संपत आलं की थोडं राखून पुन्हा वाढवायचं." बायकांना लगेच उमजलं. उदाहरण फार चांगलं होतं. मला वर्गात अशी सुचली नाहीत.

चिठ्ठीत शेवंताबाईंना द्रावण आलं, त्यांची धाकटी जाऊ कुंदाबाई यांना आलं नाही. वेगळं निघाल्यापासून दोघी चार वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. अंगणात मध्ये भिंत घातली आहे. दोन गट एकमेकांपासून स्वतंत्र असावेत, ही आमच्या चाचणीची पहिली अट. इतके स्वतंत्र नमुने मला पुस्तकातही भेटले नव्हते.

७ जून, शुक्रवार

गणित केलं. द्रावण दिलेल्या बागांची सरासरी एकवीस किलो चारशे ग्रॅम. न दिलेल्यांची वीस किलो नऊशे. फरक अर्ध्या किलोचा.

अर्धा किलो म्हणजे थोडा की फार, हे नुसतं बघून सांगता येत नाही. एकाच गटातल्या बागा आपसांतच किती वरखाली आहेत, ते आधी बघावं लागतं. त्या एकमेकींत अडीच किलोपर्यंत डोलत असतील, तर दोन सरासऱ्यांतला अर्धा किलो हा चिठ्ठ्यांचा खेळ असू शकतो. म्हणून आम्ही आधी फरक नाहीच असं धरून चालतो आणि आकड्यांना म्हणतो, हिंमत असेल तर आम्हाला खोटं पाडा. त्यासाठी उत्तर दोनच्या थोडं वर जायला हवं होतं. आलं शून्य पूर्णांक त्रेपन्न.

एक नोंद करून ठेवतो. या गावाची गेल्या काही वर्षांची सरासरी साडेसतराच्या आसपास असल्याचं केळी भरणारे व्यापारी सांगतात. यंदा दोन्ही गट त्याच्या बरेच वर आहेत. हवामान मानवलं असावं.

रूपाला सांगितलं. ती म्हणाली, "सर, परत करून बघा." मी परत केलं. तेच आलं, येणारच होतं. ती भांडी धुवायला उठली.

९ जून, रविवार

रूपाच्या समाधानासाठी असोद्याला जाऊन न दिलेल्या पंधराही घरी विचारून आलो. प्रश्न एकच, शब्द तेच, म्हणजे उत्तरात माझा हात नको: "वर्षभरात बागेत नेहमीच्या खतांखेरीज नवीन कोणतं औषध टाकलं का?" पंधराही जण नाही म्हणाले. माणसं खरी आहेत. खोटं बोलणाऱ्याचं मला चेहऱ्यावरून कळतं. पस्तीस वर्षं परीक्षेत पहारा दिला आहे.

तीन घरी ताक मिळालं. या गावात ताकाचा आंबूस वास घराबाहेरही येतो. कुंदाबाईंच्या गोठ्याजवळ तर फारच.

अहवालाचा कच्चा मसुदा तयार केला. "दोन्ही सरासऱ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही."

२२ जून, शनिवार

मी मूर्ख आहे. हे वाक्य मी पेनने लिहितो आहे आणि खोडणार नाही.

मसुद्यावर कुंदाबाईंची सही राहिली होती म्हणून गेलो. त्या गोठ्यात निळ्या ड्रमपाशी उभ्या राहून काठीने काहीतरी ढवळत होत्या. वर फडकं, बाजूला गुळाची ढेप.

"हे काय?"

"इरजन."

"एवढं? ड्रमभर दही लावता?"

त्या हसल्या. "दह्याचं नाही हो सर. बागेचं. रूपाताईचं."

मी विचारलं, तुम्हाला कोणी दिलं. त्यांनी हनुवटीने भिंत दाखवली. थोरल्या जावेने भिंतीवर तांब्या ठेवला, त्यांनी उचलला. एक शब्द झाला नाही.

"पण तुम्ही तर बोलत नाही एकमेकींशी!"

"भांडन तोंडाचं आहे सर. इरजनाचं काय भांडन? इरजन कोनी मांगलं त नाही म्हनता येते का?"

मग मी जरा आवाज चढवून विचारलं की पंधरा दिवसांपूर्वी मला नाही का म्हणालात. त्यांना खरोखर कळेना. "तुम्ही औषध इचारलं ना? औषध कुठी टाकलं आम्ही?"

पंधरा घरं पुन्हा फिरलो. चौदा घरी ड्रम. पंधराव्या घरी तीन बादल्या, कारण ड्रमला भोक पडलं होतं. कुणीही काही लपवलं नव्हतं. मीच फडकी उचलून बघितली नव्हती.

रूपाला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसली. आधी तिचा चेहरा उजळला, कारण दोन्ही गट साडेसतरावरून एकवीसवर गेले याचा अर्थ तिला माझ्याआधी कळला. मग तो अर्थ सिद्ध करता येणार नाही हेही कळलं. "सर, विरजणासारखं सांभाळा असं मीच म्हणाले होते," ती म्हणाली.

६ जुलै, शनिवार

ट्रस्टची बैठक. अध्यक्ष जीवनभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. म्हणाले, गेल्या काही वर्षांच्या साडेसतराशी तुलना करा की. मी म्हणालो, तेव्हाचं ऊन वेगळं, पाणी वेगळं. तुलना एकाच हंगामातल्या दोन गटांची हवी, आणि त्यातला एक कोरा हवा. रूपाने माझ्याकडे बघितलं. माझ्या तत्त्वापायी तिची सुटका हुकली, हे मला दिसत होतं. पण तत्त्व बरोबर होतं.

जीवनभाऊंनी मार्चअखेरपर्यंत मुदत वाढवून दिली. वर्षभर थांबून घड तोलायला वेळ नाही, तेव्हा ऑक्टोबरच्या लागवडीला पाच महिने झाले की खोडाचा घेर मोजायचा. दहा बागा दिलेल्या, दहा न दिलेल्या. "यावेळी ज्यांना द्यायचं नाही त्यांना जाऊ देऊ नका," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

१८ ऑगस्ट, रविवार

सहा आठवडे कोरं गाव शोधतो आहोत. ही गंमत लिहून ठेवलीच पाहिजे.

रावेरला गेलो. पॅकिंगच्या शेडवर केळी धुणाऱ्या बाईने सांगितलं की तिच्या नणंदेकडे आहे, तुम्हाला हवं का? भुसावळजवळच्या एका वस्तीत असोद्याची लेक दिलेली. ती श्रावणात माहेरी आली आणि डबा भरून घेऊन गेली. माहेरचं विरजण म्हणे सासरी लावलं की दही घट्ट लागतं. चाळीसगावला रूपाच्या सख्ख्या मावशीनेच अंगणातला ड्रम दाखवला आणि भाचीला चार युक्तीच्या गोष्टी शिकवल्या. भाची मान खाली घालून "हो मावशी, हो मावशी" करत होती. मी बाहेर जाऊन हसून घेतलं.

द्रावणाचा गुण म्हणाल तर दिसतो आहे. पण दिसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. आणि ज्याच्याशी ताडून बघायचं, ते जिथे जातो तिथे संपलेलं असतं.

१४ सप्टेंबर, शनिवार

सापडलं. धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या पुढे, तापीच्या काठचं छोटं गाव. असोद्याशी सोयरीक नाही, बोली वेगळी, बाजार वेगळा. यावेळी मी औषध हा शब्दच उच्चारला नाही. प्रत्येक घरातली फडकी उचलून बघितली. बायका हसल्या, हसू देत.

दहा बागा न देण्याच्या गटात याच गावातल्या. द्रावण घेणाऱ्या दहा बागा पंचवीस किलोमीटरवर, वेगळ्या पाण्यावरच्या नव्हे, त्याच नदीच्या. गावागावातला फरक मध्ये येईल ही शंका मला आहे, पण चिठ्ठ्या एकाच गावात टाकल्या की काय होतं ते बघून झालं आहे. घेणाऱ्यांना रूपाने यावेळी दह्याचं नाव काढलं नाही. सरकारी आवाजात म्हणाली, "हे कोणालाही द्यायचं नाही." तिला तो आवाज शोभत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

पानं मोजायला शिरपूरच्या गावी एकटाच गेलो. थंडी कडक आहे. न दिलेल्या बागा काकडल्या आहेत, खालची पानं पिवळी पडताहेत. ताईबाईंची बाग सगळ्यात वाईट. त्या साठीच्या, नवरा नाही, दीड बिघ्याची बाग आणि घरात त्या एकट्या. लेक सुरतला कामाला. या बागेवर त्यांचं वर्ष निघतं. त्या माझ्या मागे मागे फिरत होत्या.

"सर, तठे त्या दुसरा गावमा तुम्ही काय तरी देतस. त्यासनी बाग हिरवी शे. आम्हले का बरं नही?"

मी समजावलं. दोन गट असतात. एकाला द्यायचं, एकाला नाही. न दिलेला गट असल्याशिवाय दिलेल्याला गुण आला की नाही ते कळत नाही. म्हणून तुमचं काम फार महत्त्वाचं आहे.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्हले न देवानं, हाईच तुमनं काम शे का सर?"

मी म्हणालो, एका अर्थी हो.

"बरं," म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. चहा मी घेतला. वर्गात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पस्तीस वर्षं हाच धडा शिकवणाऱ्या मलाही नसता सुचला. प्रश्नात चूक काहीच नाही. उत्तरातही नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज रूपा मातीचे नमुने घ्यायला शिरपूरकडे एकटी जाऊन आली. ताईबाईंची बाग कशी आहे म्हणून विचारलं तर "बघितली" एवढंच म्हणाली. घेणाऱ्या गावासाठी सहा बाटल्या नेल्या होत्या, वहीत पाच पोचल्याची नोंद आहे. सहावीपुढे लिहिलं आहे: फुटली. मुलगी हाताने धांदरट नाही. थंडीने बोटं आखडली असतील.

संध्याकाळी मी टी-चाचणीची, म्हणजे दोन सरासऱ्या ताडून बघायच्या गणिताची, तयारी म्हणून कोरे तक्ते आखून ठेवले. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. थकली असावी.

१५ जानेवारी, बुधवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

घेणाऱ्या गावाला बाटल्या पोचवायला निघालो होतो. वाटेत न देण्याच्या गावी घेर मोजायला थांबलो. ताईबाईंनी काल संक्रांत झाली म्हणून तिळगूळ दिला, मग बसवून बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. बाग अजून पिवळीच आहे. मी जेवेपर्यंत त्यांनी एकदाही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी पुन्हा समजावलं असतं. समजावण्याचं मला काही वाटत नाही. त्या फक्त भरीत वाढत होत्या आणि मी खात होतो, आणि माझ्या पिशवीत पायाशी चार बाटल्या होत्या.

हात धुतले आणि एक बाटली काढून चुलीपाशी ठेवली. मला लाज वाटत होती, ती देण्याची की इतके दिवस न देण्याची, ते सांगता येत नाही. म्हणालो, गूळ-बेसन घालून वाढवा, आणि रूपाताईला कळता कामा नये.

ताईबाईंनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "आते सर, तुम्हीबी?"

मीही शेवटी इतरांसारखाच कच्चा निघालो, असं त्यांना म्हणायचं असावं. खरंच आहे. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. "देणाराले नही म्हणो नही," असं काहीसं पुटपुटल्या.

हिशेब असा आहे. रूपाचा या चाचणीवर जीव टांगलेला आहे आणि मी तिला न विचारता तिच्या पायाखालची फळी काढली. दहापैकी एक बाग गेली. नऊ उरतात. नऊवरही चाचणी होते. मोजणीच्या दिवशी ताईबाईंची बाग काही कारण काढून वगळेन. आयुष्यात पहिल्यांदाच मी आकडा येण्याआधी तो वगळायचं ठरवलं आहे. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं.

प्रयोगशाळेत आल्यावर वहीत लिहिलं: एक बाटली फुटली. सबब तिच्याच वहीतून उचलली, मला दुसरी सुचेना.

२ फेब्रुवारी, रविवार

नर्मदा म्हणते मी जेवताना बोलत नाही. मी म्हणालो, आधी तरी कुठे बोलत होतो. ती म्हणाली, आधी न बोलता जेवत होतात, आता न बोलता बसता.

१९ मार्च, बुधवार

दोन दिवसांत वीसही बागा मोजून झाल्या. रूपा फीत धरत होती, मी लिहीत होतो, आकड्यांपलीकडे दोघेही बोललो नाही. दिलेल्या गावानंतर न दिलेल्या गावात शिरलो आणि बांधावरच थबकलो. ताईबाईंची बाग हिरवीगार. शेजारची हिरवी. त्याच्या पलीकडची हिरवी. प्रत्येक बांधावर निळा ड्रम होता. यावेळी फडकं उचलून बघायची गरज नव्हती, वास रस्त्यापर्यंत येत होता.

मी रूपाकडे बघायचं टाळलं. तिने एकाही ड्रमविषयी एक शब्द विचारला नाही. माझ्यावरचा विश्वास इतका की तिला दिसलंच नाही, असं मला वाटलं आणि जास्तच मेल्यासारखं झालं.

बस धुळ्याकडून पारोळ्यापर्यंत आली तरी ती खिडकीबाहेर बघत होती.

२० मार्च, गुरुवार

गणित केलं. दिलेल्या दहांची सरासरी शेहेचाळीस पूर्णांक दोन सेंटिमीटर. न दिलेल्या दहांची पंचेचाळीस पूर्णांक एक. उत्तर शून्य पूर्णांक बहात्तर, हवं होतं दोन पूर्णांक एक. ताईबाईंना वगळून करून बघितलं. मग त्यांच्या शेजारणीला वगळून. मग मी थांबलो, कारण वगळत वगळत कुठे जाऊन पोचायचं ते ठाऊक नव्हतं.

एका बाटलीने दहा बागा. मी दिलेली. रूपाची प्रयोगशाळा मी बंद पाडली. जीवनभाऊंनी दोनदा सांगितलं होतं, आणि मी पस्तीस वर्षं पोरांना स्वतंत्र नमुन्यांचं महत्त्व घोकायला लावलं. उद्या तिला सांगणार. काय वाटेल ते बोलली तरी ऐकून घेणार.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी दहाला गेलो. ती वही उघडून बसली होती. मी उभाच राहिलो. वाक्य पाठ करून आणलं होतं. "रूपा, ती न दिलेल्या गटातली बाग..."

"सर, आधी मी बोलू?"

मी म्हणालो, नाही, आधी मला बोलू दे, नाही तर धीर राहणार नाही. तिने वही माझ्याकडे वळवली. पंधरा जानेवारीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुमचीही बाटली फुटली ना, सर?"

"तुमचीही" हा शब्द माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग तिने पान मागे उलटलं. चार जानेवारी. सहावी बाटली.

"ताईबाई काही मागत नव्हत्या," ती म्हणाली. "मी मातीचे नमुने भरत होते आणि त्या पिशवीचं तोंड धरून उभ्या होत्या. एवढंच. मला नाही जमलं, बाटली दिली आणि सरांना कळू देऊ नका म्हणाले. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? तुम्ही दोन उन्हाळे माझ्यासाठी बागेत उभे राहिलात. तुमचं सगळं काम मी नासवलं म्हणून अडीच महिने मला धड झोप नाही."

मी खाली बसलो. अकरा दिवसांच्या अंतराने आम्ही दोघांनी एकाच बाईला, एकमेकांना कळू देऊ नका म्हणून सांगून, बाटल्या दिल्या होत्या. आणि त्या बाईने दोघांचंही ऐकलं.

आधी रूपा हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी पाणी आणायला उठलो आणि नळाशी जरा वेळ उभा राहिलो, कारण माझेही डोळे भरले होते आणि या वयात ते तिला दाखवायची सवय नाही.

२९ मार्च, शनिवार

ट्रस्टची बैठक. अहवाल एका पानाचा. त्यातलं कामाचं वाक्य एकच: "द्रावण न दिलेला असा गट शेवटपर्यंत शिल्लक राहिला नाही, त्यामुळे दोन सरासऱ्यांची तुलना करता आली नाही."

जीवनभाऊंनी ते दोनदा वाचलं. "दहा माणसांना द्यायचं नव्हतं. एवढंही जमलं नाही?"

"नाही जमलं," मी म्हणालो.

"गेलं कोणाकडून?"

"माझ्याकडून," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी रूपाही म्हणाली, "माझ्याकडून."

त्यांनी चष्मा काढला. "नक्की कोणाकडून?"

"दोन्ही एकाच ड्रममध्ये गेलं आहे. आता वेगळं काढता येणार नाही," मी म्हणालो. हे शास्त्रालाही धरून आहे.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले की त्यांच्या मेहुण्याच्या बागेतही ड्रम आहे, त्यांना गुण माहीत आहे, पण ट्रस्टच्या कागदाला माहीत असून चालत नाही. प्रयोगशाळा परवा बंद. रूपाचं पुण्याचं पत्र आलेलं आहे, पाच तारखेला हजर व्हायचं.

बाहेर येऊन रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. ऊन आत्ताच मेसारखं आहे. मला राहवेना म्हणून विचारलं, समजा, तिसऱ्यांदा संधी दिली असती, अजून एखादं कोरं गाव सापडलं असतं, तर?

तिने विचार केला. खरोखर केला, कारण तिचं सगळं त्यावर होतं.

"दिलं असतं, सर. तुम्ही?"

"मीही."

रिक्षा आली, ती बसली. एवढं खात्रीचं उत्तर दोन वर्षांत दुसरं मिळालं नव्हतं. ते अहवालात लिहायचं राहिलं.